सरड्याची प्रकृती आणि आपली जीवदया

जुन्या पनवेलमध्ये अंगणा-परसात वाढलेल्या पिढीला सरडा मुद्दाम दाखवावा लागला नाही. कुंपणावर ऊन खात बसलेला, मान वरखाली करणारा सरडा हा रोजच्या दृश्याचाच एक भाग होता आणि ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण डोळ्यांसमोर घडत असे. नवीन पनवेल, कामोठे, खारघर येथील उंच इमारतींत वाढणाऱ्या आजच्या मुलांना सरडा भेटतो तो बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. हिरवा, निळा, केशरी रंग धारण करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा परदेशी शॅमेलिऑन पाहून मुले हरखून जातात आणि ‘आपणही एक आणू या’ असा हट्ट सुरू होतो. आई-वडिलांनाही प्रथमदर्शनी ही मागणी सोपी वाटते. हा प्राणी भुंकत नाही, केस गाळत नाही, त्याला फिरवायला न्यावे लागत नाही. काचेच्या पेटीत एका फांदीवर तो शांत बसून राहील, अशी त्यांची समजूत असते.

ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणे आवश्यक आहे. हौसेने पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत शॅमेलिऑन हा निरोगी ठेवण्यास अत्यंत अवघड समजला जातो. त्याच्या आरोग्यासाठी जे जे लागते, त्यांतील एक गोष्ट तर आपल्या घरात प्रवेशच करू शकत नाही. म्हणून तो न पाळणे हीच त्याच्यावरची पहिली दया होय. तथापि ज्यांच्या घरी तो आधीपासून आहे, किंवा ज्यांच्या दारात एखादा जखमी सरडा येऊन पडतो, त्यांना त्याचे दुखणे ओळखता आले पाहिजे. या लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

हा प्राणी कोणता?

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्या बागेत, कुंपणावर, शेताच्या बांधावर सर्रास दिसणारा सरडा म्हणजे बाग-सरडा. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लाल होतो, त्यामुळे अनेकजण त्यालाच शॅमेलिऑन समजतात. काही ठिकाणी तो रक्त शोषतो असाही गैरसमज आहे. तो रक्त शोषत नाही. किडे-मुंग्या खाऊन जगतो.

खरा शॅमेलिऑन निराळा. महाराष्ट्रात काही भागांत त्याला घोयरा सरडा म्हणतात. त्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा असतो, पायांची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली असतात आणि शेपूट फांदीला वेटोळे घालते. शेपटीसह त्याची लांबी सव्वा फुटापर्यंत भरते. चालताना तो वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखा पुढेमागे डुलत एकेक पाऊल टाकतो. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती असून त्यांतील सुमारे निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत. आपल्या द्वीपकल्पात आढळणारी जात ‘भारतीय शॅमेलिऑन’ या नावाने ओळखली जाते. झाडी-झुडपांच्या, विशेषतः कोरड्या प्रदेशात ती राहते. मादी अंडी घालण्यासाठी झाडावरून खाली उतरते, जमिनीत खड्डा करते, त्यात अंडी घालून माती लोटते आणि निघून जाते.

रंग बदलण्याविषयीही एक समज रूढ आहे. शॅमेलिऑन ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग घेतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात त्याचा रंग प्रामुख्याने उष्णता, प्रकाश आणि त्याची मनःस्थिती यांनुसार बदलतो. सकाळी गारठलेला असताना तो गडद होतो, कारण गडद अंग ऊन लवकर शोषते. भीती, राग, जोडीदाराचे आकर्षण, आजार यांचेही रंग त्याच्या अंगावर उमटतात. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनचा अभ्यास करून दाखवून दिले की, त्याच्या त्वचेतील काही पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. या स्फटिकांतील अंतर कमी-जास्त झाले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि रंग पालटतो. ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ हा वाक्प्रचार आपण ढोंगी माणसासाठी वापरतो. परंतु हा मुका जीव रंगांतून आपली अवस्था उघड करीत असतो. त्याचे दुखणे ओळखण्याची पहिली खूणही हीच.

आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. शॅमेलिऑन विषारी नाही. भारतात आढळणारा कोणताही सरडा विषारी नाही. त्याची नजर लागते, तो चावला तर माणूस दगावतो, अशा समजुतींपोटी या निरुपद्रवी जीवाला आजही काठीने मारले जाते. एवढा एक गैरसमज जरी आपल्या घरातून आणि दुकानातून दूर झाला, तरी अनेक प्राण वाचतील.

त्याचे आरोग्य कशावर टिकते?

सस्तन प्राणी आपल्या शरीराची उष्णता आतून निर्माण करतात. सरपटणारे प्राणी ती बाहेरून घेतात. त्यामुळे शॅमेलिऑनला एकाच पिंजऱ्यात उन्हाची उबदार जागा आणि सावलीची गार जागा अशा दोन्ही हव्या असतात. तो गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. ऊब कमी पडली तर खाल्लेले पचत नाही आणि रोगाशी लढण्याची शक्ती घटते. ती जास्त झाली आणि पळायला सावली नसली, तर तो काही मिनिटांत उष्माघाताने दगावू शकतो. पनवेलच्या एप्रिल-मे महिन्यात सज्जातील काचेची पेटी ही त्याच्यासाठी भट्टीच ठरते.

दुसरी गरज सूर्यप्रकाशाची. सूर्यकिरणांतील विशिष्ट अतिनील किरण त्वचेवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शियम हाडांत पोहोचते. हे किरण खिडकीची काच अडवते. म्हणून काचेआडच्या लख्ख उजेडात बसलेला शॅमेलिऑनही या किरणांसाठी उपाशीच असतो. घरात त्याला खास अतिनील दिवा लावावा लागतो आणि तो दिवा उजेड देत असला तरी त्यातील हे किरण कालांतराने क्षीण होतात. त्यामुळे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत तो बदलावा लागतो. किरण व कॅल्शियम यांपैकी एकाची उणीव झाली तरी हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय धनुष्यासारखे होतात. पिंजऱ्यातील शॅमेलिऑनांचा हा सर्वांत परिचित आजार आहे. तो हळूहळू येतो आणि लक्षात येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

तिसरी गोष्ट पाण्याची. शॅमेलिऑन सहसा वाटीतले पाणी पीत नाही. पानांवरून ओघळणारे दवाचे, पावसाचे थेंब तो टिपतो. पाण्याने भरलेली वाटी समोर असतानाही तो तहानेने कोरडा पडू शकतो. त्याच्यासाठी रोज पानांवर पाणी फवारावे लागते, थेंब टपकत ठेवावे लागतात. पण पिंजरा सतत ओलाचिंबही राहून चालत नाही. कोकणच्या पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. अशा वेळी हवा खेळती नसलेल्या पेटीत बुरशी धरते आणि श्वसनाचे रोग होतात. याउलट रात्रंदिवस वातानुकूलन चालणाऱ्या खोलीत त्याचे अंग कोरडे पडते.

चौथी गरज एकांताची. हा एकटा राहणारा प्राणी आहे. दोन नर एकत्र ठेवले, समोर आरसा असला, पाहुण्यांनी दर रविवारी त्याला हातावर घेतले, तर तो सतत ताणाखाली राहतो. कुत्र्या-मांजराला माणसाच्या स्पर्शाचे जे सुख वाटते, ते याला वाटत नाही. हातावर स्थिर बसलेला शॅमेलिऑन ‘माणसाळला’ असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तो घाबरून थिजलेला असतो.

आहाराचा प्रश्न आणि आपला आचार

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शॅमेलिऑन हा कीटकभक्षी आहे. रातकिडे, नाकतोडे, माश्या, पिठातील किड्यांच्या अळ्या हे त्याचे अन्न. हालणारे भक्ष्य दिसले की त्याचे दोन्ही डोळे त्यावर स्थिरावतात आणि शरीराहून लांब जीभ डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सुटते. निश्चल, मेलेला किडा त्याला बहुधा भक्ष्य वाटतच नाही. म्हणून त्याला पाळणाऱ्याला नेमाने जिवंत किडे विकत आणावे लागतात, डब्यात सांभाळावे लागतात, त्यांना पौष्टिक खाऊ घालावे लागते, त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी लागते आणि मग स्वतःच्या हाताने ते त्याच्यापुढे सोडावे लागतात. हे न करता शॅमेलिऑन निरोगी राहू शकत नाही. येमेन व सौदी अरेबियात आढळणारा एक शॅमेलिऑन थोडी पाने खातो. परंतु केवळ पानांवर तोही जगत नाही.

आपल्या दृष्टीने हा प्रश्न केवळ किळसेचा नाही. शास्त्रांनी जीवांची जी मांडणी केली आहे, तीत रातकिडा-नाकतोडा यांसारखे जीव चतुरिंद्रिय आणि सरडा हा पंचेंद्रिय तिर्यंच, त्यातही भुजपरिसर्प. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शॅमेलिऑन पाळणाऱ्या श्रावकाची कोंडी यांतून स्पष्ट दिसते. पिंजऱ्यात ठेवला तर बंध. किडे घातले तर रोज अनेक जीवांचा आपल्या हाताने वध. किडे घातले नाहीत तर अन्नपाननिरोध, म्हणजे त्या पंचेंद्रिय जीवाची उपासमार. जंगलात तो आपल्या स्वभावानुसार जे खातो, त्याचा कर्ता आपण नसतो. घरात आणला की त्याच्या प्रत्येक घासाची जबाबदारी आपल्यावर येते.

पूर्वजांनी या बाबतीत किती बारकाईने विचार केला, याचे एक उदाहरण आठवावे. गुजरातेतील काही पांजरपोळांत ‘जीवातखाना’ असे. धान्यात पडलेले किडे फेकून वा मारून न टाकता त्या धान्यासह एका खोलीत ठेवले जात, जेणेकरून त्यांचे आयुष्य नैसर्गिकपणे संपावे. ज्या व्यापारी परंपरेने पोरकिड्यासाठी खोली बांधली, तिच्याच घरात रातकिड्यांचे डबे खाद्य म्हणून विकत यावेत, हे विसंगत आहे.

येथे काही कुटुंबे पर्याय सुचवतात की, मग पाला खाणारा इग्वाना आणावा. इग्वाना शाकाहारी आहे हे खरे. परंतु दुकानातील वीतभर पिल्लू वाढून चार-पाच फुटांचे होते. त्यालाही तोच अतिनील प्रकाश, तीच ऊब आणि खोलीएवढी जागा लागते. आहाराचा प्रश्न सुटला तरी बंधनाचा सुटत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय शॅमेलिऑन हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे, विकत घेणे हा तुरुंगवास व दंडास पात्र गुन्हा आहे. गावाकडून येताना मुलांच्या हौसेखातर एखादा सरडा बाटलीत घालून आणणेही यात येते.

परदेशी जातींचे नियम निराळे आहेत, पण तेही सैल नाहीत. दुकानांत दिसणारे शॅमेलिऑन वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतात. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या सूचीतील प्राण्यांची तरतूद आपल्या कायद्यात आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावयाची असते. प्राण्याचा जन्म, मृत्यू किंवा हस्तांतर यांचीही माहिती द्यावी लागते. दुकानदाराने ‘याला कागद लागत नाही’ असे सांगितले, म्हणून कायद्याची जबाबदारी टळत नाही. आपण व्यापारी माणसे बिलाशिवाय माल घेत नाही. जिवंत प्राण्याच्या बाबतीत ती दक्षता दुपटीने हवी.

हे प्राणी येतात कसे, हेही समजून घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई विमानतळाच्या मालवाहतूक संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेचे मासे म्हणून आणलेला माल तपासला, तेव्हा त्यात कासवे, सरडे, अजगर, इग्वाना असे ६६५ प्राणी निघाले. त्यांपैकी ११७ खोक्यांतच मेलेले होते. पनवेलपासून काही तासांच्या अंतरावरची ही घटना आहे. दुकानातील एका रंगीत पिल्लामागे वाटेत किती जीव गेले असतील, याची कल्पना त्यावरून यावी.

दुखणे कसे ओळखावे? पशुवैद्याकडे केव्हा न्यावे?

ज्यांच्या घरी नोंदणी केलेला शॅमेलिऑन आधीपासून आहे, त्यांनी त्याला आता नीट सांभाळणे हेच कर्तव्य. जंगलात दुबळा दिसणारा जीव शिकार होतो, म्हणून हा प्राणी आजार लपवतो. लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे नोंद ठेवणे हा उत्तम उपाय. आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर त्याचे वजन करावे आणि दुकानाच्या रोजमेळाप्रमाणे वहीत तारीख, वजन, खाणे, विष्ठा आणि कात टाकल्याची नोंद करावी. सतत घटत जाणारे वजन डोळ्यांना दिसण्याआधी वहीत दिसते.

काही गोष्टी स्वाभाविक आहेत, त्यांना घाबरू नये. रात्री तो डोळे मिटून फिकट रंगात झोपतो. सकाळी गडद होऊन ऊन घेतो. दिव्याखाली फार ऊब झाली की थोडा वेळ तोंड उघडतो आणि सावलीत गेल्यावर मिटतो. कात तुकड्या-तुकड्यांनी टाकतो. त्याच्या विष्ठेबरोबर पांढरा घट्ट भाग पडतो. ते त्याचे मूत्र असते.

पुढील लक्षणे दिसल्यास दोन-तीन दिवसांत पशुवैद्याची भेट घ्यावी :

• खाणे अचानक मंदावले किंवा थांबले. पिल्लाच्या बाबतीत दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये.
• डोळे खोल गेले, मूत्राचा पांढरा भाग पिवळा वा केशरी झाला. ही पाणी कमी पडल्याची खूण होय.
• विष्ठा पातळ, दुर्गंधीयुक्त झाली. पोटात जंत असू शकतात.
• जीभ नेम चुकवू लागली किंवा पूर्ण बाहेर येईनाशी झाली.
• सांधे, ओठ किंवा डोळ्याभोवती सूज आली.
• जुनी कात बोटांना वा शेपटीला आवळून राहिली.

आणि पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी जावे :

• दिवसा डोळे मिटून बसणे.
• ऊब नसतानाही तोंड उघडे ठेवून, मान वर करून श्वास घेणे. तोंडात चिकट स्राव दिसणे.
• फांदीवरची पकड सुटणे, वारंवार पडणे, पाय किंवा जबडा वाकणे.
• दिव्याने भाजणे, हाड मोडणे, रक्तस्राव.
• मांजराने किंवा कुत्र्याने धरणे. दाताची जखम टाचणीएवढी दिसली तरी आत जंतू गेलेले असतात.
• विष्ठेच्या जागेतून मांसल भाग बाहेर येणे.
• मादीचे पोट फुगलेले असून तिने सारखे उकरणे, अंडी न घालता मलूल होणे.

शेवटच्या लक्षणाविषयी थोडे अधिक. नराशी संबंध न येताही मादी अंडी धारण करू शकते. अंडी घालण्यासाठी तिला खोदता येईल अशी ओलसर मातीची जागा लागते. ती न मिळाल्यास किंवा कॅल्शियम कमी पडल्यास अंडी पोटात अडकतात आणि उपचार न झाल्यास ती दगावते. ‘एकटीच आहे, तिला अंडी कुठून होणार?’ या समजुतीत अनेक माद्या जातात.

प्रत्येक पशुवैद्याला सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असतोच असे नाही. म्हणून प्राणी आजारी पडण्याची वाट न पाहता आधीच चौकशी करून ठेवावी. पनवेल-नवी मुंबईत असा तज्ज्ञ न मिळाल्यास मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत दूरध्वनीने विचारून योग्य तज्ज्ञाचा शोध घेता येतो. जाताना प्राण्याला हवेची छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत एक फांदी व मऊ कापड घालून न्यावे. गाडीतील थंड हवेचा झोत त्यावर येऊ देऊ नये. सोबत नोंदवही, ताजी विष्ठा, पिंजऱ्याचे छायाचित्र आणि दिवा केव्हा बसवला ती तारीख न्यावी. सरपटणाऱ्या प्राण्याचे निदान पुष्कळदा त्याच्या पिंजऱ्यावरूनच होते.

घरगुती उपचार टाळावेत. माणसांची औषधे, तेल, हळदीचे लेप, जबरदस्तीने तोंडात ओतलेले पाणी यांनी नुकसानच होते. पाणी फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यानेच ठरवावी.

दारात जखमी सरडा आला तर

आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध येईल तो याच प्रसंगाशी. रस्ता ओलांडणारा संथ प्राणी वाहनाखाली येतो, बांधकामासाठी झाडी तोडताना खाली पडतो, मांजर त्याला धरते.

सरडा धडधाकट असेल तर त्याला जाऊ द्यावे. रस्त्याच्या मध्यभागी असेल तर तो ज्या दिशेने चालला होता, त्या बाजूच्या झुडपावर काठीच्या किंवा फांदीच्या आधाराने ठेवावा. जखमी असेल तर जाड कापडात हलकेच उचलून छिद्रे असलेल्या खोक्यात ठेवावा, खोके झाकावे आणि गोंगाटापासून दूर सावलीत ठेवावे. खाऊ घालू नये, अंगावर पाणी ओतू नये, मुलांना दाखवण्यासाठी सारखे उघडू नये. त्यानंतर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा पनवेलच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावे. वन्यप्राणी हा कायद्याने शासनाची मालमत्ता असून तो ताब्यात आल्यावर ४८ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. ‘बरा होईपर्यंत घरीच ठेवू’ ही भावना चांगली असली, तरी ती त्या जीवाच्या व आपल्याही हिताची नाही.

विकत घेऊन सोडणे हे अभयदान नव्हे

पर्वकाळात पिंजऱ्यातील जीव सोडवण्याची आपली परंपरा आहे. त्यामागील करुणा वंदनीय आहे. परंतु दुकानातून शॅमेलिऑन विकत घेऊन कर्नाळ्याच्या जंगलात सोडणे यात अभयदान घडत नाही. एक म्हणजे, मादागास्करचा किंवा येमेनचा प्राणी कोकणच्या पावसात बहुधा तग धरणार नाही. दुसरे, त्याने तग धरला तर संकट अधिक मोठे. हवाई बेटांवर १९७२ च्या सुमारास व्यापारासाठी आणलेले आफ्रिकी शॅमेलिऑन बाहेर सुटले. आज ते तेथे पसरले असून स्थानिक किडे व गोगलगायी खात आहेत. कर्नाळा अभयारण्य १९६८ पासून संरक्षित आहे. जेमतेम बारा चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात बाहेरचा प्राणी सोडणे म्हणजे तेथील जीवांवर घाला होय.

तिसरे कारण आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माल खपला की दुकानदार पुढची मागणी नोंदवतो. दयेने विकत घेतलेला आणि हौसेने विकत घेतलेला प्राणी यांत त्याच्या वहीत काहीच फरक नसतो. एकाला सोडवताना आपण दुसऱ्याला पकडण्याची किंमत मोजलेली असते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ सांगितले आहे, म्हणजे पैशासाठी हिंस्र वा बंदिस्त जीवांचे पोषण. विक्रेता म्हणून आपण तो धंदा करणार नाही. ग्राहक म्हणूनही त्याला आधार देऊ नये. आपले दान द्यावयाचे असेल तर ते जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांना आणि पांजरपोळांना द्यावे. १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली, ती मारल्या जाणाऱ्या भटक्या कुत्र्यांना आश्रय मिळावा म्हणून. व्यापाऱ्याच्या धनाने मुक्या जीवाचे भले कसे होते, याचा तो धडा आजही लागू आहे.

मुलांना काय द्यावे?

मुलाचा हट्ट नुसत्या नकाराने संपत नाही आणि त्याचे कुतूहल मारूही नये. त्याला कारण सांगावे. हा जीव काय खातो, त्याला किती ऊन लागते, तो एकटा का राहतो, हे कळले की मुले स्वतःच योग्य निर्णयाप्रत येतात. त्यांची न्यायबुद्धी आपल्याहून सरळ असते. पावसाळ्यानंतर एखाद्या सकाळी मुंबई-गोवा महामार्गावरील कर्नाळ्यास त्यांना घेऊन जावे. सोसायटीच्या बागेत कीटकनाशकाची फवारणी कमी करण्याचा ठराव मांडावा, म्हणजे फुलपाखरे येतील आणि त्यांच्यामागून कुंपणावर बाग-सरडाही येईल. कोणत्या वेळी तो गडद असतो, केव्हा फिकट होतो, मान कधी हलवतो, याची वही मुलांनी ठेवावी. पिंजरा नाही, दिवा नाही, किड्यांचा डबा नाही. तरी सरडा मुलांचाच.

तो सरडा कुंपणावर राहील, आपल्या हाताने ऊन-सावली निवडेल आणि आपले अन्न आपण शोधील. त्याची प्रकृती सांभाळण्याचा याहून निर्दोष मार्ग नाही. आपण एवढेच करावे : त्याचे कुंपण त्याला राहू द्यावे, आणि तो घायाळ होऊन दारात आलाच, तर त्याच्यासाठी एक खोके आणि एक दूरध्वनी तयार ठेवावा.